सरकारी खुंट्यांची पोपटी

सरकारी खुंट्यांच्या जाळावर शिजलेल्या वालाच्या शेंगा फार चविष्ट लागतात, हे मी अनुभवाने सांगतो. वाळक्या सागाचा जाळ एकसारखा लागतो, शेंग करपत नाही आणि आतला दाणा कच्चा राहत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब येणार असतील, तर हा प्रयोग करू नये.

पंचवीस-तीस सालच्या सुमाराची गोष्ट. घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीच्या मागून वाफेचं दुसरं इंजिन लावत, ते दिवस. मी तेव्हा सरकारी बोरिंगच्या कामावर मोजणीदार होतो. जमिनीत खोल भोक पाडून पाणी काढायचं, हे लोकांना तेव्हा नवीनच होतं. भोक कुठे पाडायचं ती जागा साखळीने मोजायची आणि तिथे खुंटी ठोकायची, एवढंच माझं काम. पण मी ते अशा तोऱ्यात करायचो, की जमिनीखाली पाणी मीच आदल्या दिवशी ओतून ठेवलंय असं बघणाऱ्याला वाटावं!

त्या वर्षी बोरिंग मंजूर झालेल्या गावांत नेमकी माझी सासुरवाडी निघाली. दहिवलीच्या पलीकडे, नदीपासून चांगल्या चढावर वसलेलं गाव. पावसाळ्यात जिकडेतिकडे पाणी, आणि होळी आली की विहिरीत सोडलेली बादली तळाच्या दगडावर ठण्णकन वाजायची. मग बायका हंडे घेऊन नदीवर. माझ्या सासूबाईंचा गुडघा तेव्हा दुखायला लागला होता. चढ चढताना त्या मध्येच थांबायच्या, पण हंडा खाली ठेवायच्या नाहीत, कारण तो पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. लग्नानंतर माझ्या बायकोने, सगुणाने, माझ्याकडे दागिना मागितला नाही की लुगडं मागितलं नाही. ती एवढंच म्हणाली होती, "माज्या आयेला दारात पानी मिळालं पायजे बगा. तुमच्या त्या यंत्राचा कायतरी उपेग होऊ द्या."

झालं! जावई पाणी आणणार, ही बातमी गावभर झाली. अट मात्र कडक होती. गावाला भोकं तीनच. तिन्ही कोरडी गेली तर यंत्र उचलून पुढच्या गावाला. आणि पुढचं गाव म्हणजे ज्यांच्याशी सासुरवाडीचं बैलगाड्यांच्या शर्यतीवरून पिढ्यान्‌पिढ्या वाकडं होतं, ते! त्यांनी म्हणे साहेबांसाठी हार आधीच सांगून ठेवला होता.

आमचे बोरिंगचे साहेब पुण्याचे. कामाला चोख आणि बोलायला त्याहून चोख. गावाची जमीन एकदा फिरून पाहिल्यावर त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या शेताकडे छडी केली आणि मला बजावलं, "मोजणीदार, या पट्ट्यात तीन जागा मोजून खुंट्या ठोकून ठेवा. आणि माप जिथून धराल, ती वस्तू पक्की असू द्या. जागची हलता कामा नये."

आता पक्की वस्तू म्हणजे गावची विहीर होती. चांगली दगडी. पण ती होती लांब आणि उन्हात. सासऱ्यांच्या घरामागे पेंढ्याची भलीमोठी उडवी होती, तिची सावली गार होती आणि तिथून सासूबाईंच्या चहाचा वास येत होता. लग्नापासून मी ही उडवी बघत होतो. एकदाही जागची हललेली पाहिली नव्हती. (उडवी दरवर्षी संपते आणि दरवर्षी नवी रचतात, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. डोक्यावर तेव्हा नवी टोपी होती.) मी उडवीच्या कोपऱ्यापासून साखळी धरली, तीन जागा काढल्या, आणि लाल रंगाने एक, दोन, तीन आकडे घातलेल्या सागाच्या खुंट्या ठोकल्या.

साखळीचं दुसरं टोक धरायला मेहुणा होता, दगडू. अंगाने रेड्यासारखा, स्वभावाने गाय. भावजी म्हणतील ती पूर्व. सासरे बांधावर बसून बघणाऱ्यांना सांगत होते, "आमचं जावई हायेत. सरकारी." तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि पहिली खुंटी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"जावईबापू, लई लांब ठोकलीत की वो. जरा घराकडं सरकवा ना."

"मामी, हे शास्त्र आहे," मी म्हणालो. "जमिनीखालचं पाणी काही तुमचं स्वयंपाकघर बघून वाहत नाही!"

"तसं नाय. पर चुलीच्या मागं आलं असतं तर बरं झालं असतं."

मी हसलो. जमलेली मंडळीही हसली. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून हळूच उठल्या आणि आत गेल्या. ते हसू मला पुढे फार महागात पडलं.

उद्या साहेब येणार, उद्यापासून पाणी निघणार, या आनंदात सासऱ्यांनी त्या संध्याकाळी पोपटीचा बेत काढला. थंडीचे दिवस, वाल भरात आलेला. ज्यांना पोपटी ठाऊक नाही त्यांच्या जिभेबद्दल मला सहानुभूती आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी, पुन्हा पाला. मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि चहूबाजूंनी जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही की तेलाचा थेंब नाही. जागा सासूबाईंनी ठरवली, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, कारण गुडघ्यामुळे त्यांना लांब जायला नको होतं.

मला खाट टाकून दिली होती. मी तिच्यावर बसून हुकूम सोडत होतो. पहिलीच गोष्ट माझ्या लक्षात आली ती म्हणजे उडवी फार जवळ आहे.

"मामा, ठिणगी उडाली तर? ती उडवी आधी हलवा इथून!"

"बगा, शिकल्याल्या मानसाचं ध्यान कसं असतं!" सासरे कौतुकाने म्हणाले. दहा हात लागले आणि उन्हं उतरायच्या आत उडवी गोठ्याच्या पलीकडे गेली. खाली सांडलेला पेंढा खायला म्हशी सोडल्या. त्यांनी तो खाऊन, तुडवून, त्यावर आपापली सही करून जमीन सारखी करून टाकली. मी समाधानाने मान डोलावली.

जाळ पेटला, पण मंद. मी दगडूला म्हणालो, "गोठ्यामागे माझ्या जादा खुंट्यांची मोळी आहे बघ. वाळलेला साग आहे. आण ती!"

मोळी आली. काय जाळ लागला! पाल्याचा वास सुटला, माणसं सरसावून बसली. थोड्या वेळाने दगडू पुन्हा उभा.

"भावजी, मोळी संपली. पर तसल्याच आजून हायेत. आनू का?"

"अरे, विचारतोस काय? आण!"

"तुमचं काय काम अडनार न्हाय ना?"

"माझं?" मी खाटेवर पाय पसरत म्हणालो. "माझं काम कधीच झालं! आण तू बिनधास्त!"

त्याने आणल्या. अंधुक उजेडात मी त्या बघितल्यासुद्धा नाहीत. उलट वर म्हणालो, "या जरा जाड आहेत, या मधोमध सार!" मडक्यावर पाणी शिंपडून बघितलं, चर्र वाजलं, पोपटी झाली. मी इतक्या शेंगा खाल्ल्या की सासूबाईसुद्धा घाबरल्या. आणि जाता जाता साऱ्यांसमोर दगडूची पाठ थोपटली. अशी लाकडं शोधून आणायलाही अक्कल लागते, असं म्हणालो!

सकाळी तोंड धुऊन मी ऐटीत शेतात गेलो. एक नंबरच्या जागी खुंटी नव्हती. दोन नंबरच्या जागी खुंटी नव्हती. तीन नंबरच्या जागी जायला माझे पाय तयार होईनात.

"दगडू! माझ्या खुंट्या कुठे आहेत?"

"कंच्या?"

"या इथल्या! लाल आकड्यांच्या!"

दगडूने पोटावर हात ठेवला. "त्या तर काल, भावजी... तुमीच म्हनलात ना, मधोमध सार."

मी बांधावर बसलो. हरकत नाही, मी मनाशी म्हणालो. मापं वहीत आहेत. उडवीच्या कोपऱ्यापासून पुन्हा साखळी धरली की झालं. उडवीच्या कोपऱ्यापासून! मी मागे वळून पाहिलं. तिथे एक म्हैस उभी होती.

"मामा! उडवी कुठे होती?"

"हितं." सासरे ठामपणे एका जागी जाऊन उभे राहिले.

"आवो, ती मागल्या वर्साची!" सासूबाई दारातून ओरडल्या. "औंदाची तकडं व्हती, शेवग्याकडं."

"शेवग्याकडं आपल्या लगनाच्या वर्साला व्हती!"

"लगनाच्या वर्साला तुमच्याकडं उडवी तरी व्हती का?"

भांडण उडवीवरून लग्नावर गेल्याचं बघून सगुणाने पुढे होऊन तोडगा काढला. "अवो, खुंटी उपटली तरी तिचं भोक ऱ्हातंय ना? भोक हुडका की!"

केवढी अक्कल! मी आनंदाने उडी मारली. सासरे, दगडू, सगुणा, मी, आणि तमाशा बघायला आलेले दोघे शेजारी, सगळे वाकून भोक शोधू लागलो. आता भाताच्या शेतात कापणीनंतर किती भोकं असतात, ते शेतकऱ्याला विचारा. उंदरांची, खेकड्यांची, मुंग्यांची, काठीची, छत्रीची. "हे बगा, भावजी!" "हितं हाय!" "हे घ्या, मोठं!" वाकून वाकून कंबर धरली, तशी सगळी मंडळी हातापायांवर आली. एक भोक मला अगदी खुंटीच्या मापाचं वाटलं. मी खोली बघायला बोट घातलं आणि किंचाळलो.

"गावली?" सगळे एकदम ओरडले.

"खेकडा!"

नेमक्या त्याच वेळी कर्जत स्टेशनावरून निघालेल्या बैलगाड्या यंत्र घेऊन बांधाशी येऊन थांबल्या. साहेब खाली उतरले. समोर त्यांचा मोजणीदार खेकडा झटकत नाचतोय आणि त्याची सासुरवाडी शेतभर रांगतेय.

"मोजणीदार, हे काय चाललंय?"

मी चावलेलं बोट पाठीमागे लपवलं. सासरे मात्र गुडघ्यांवर बसल्या बसल्या हात जोडून म्हणाले, "भूमिपूजन, साहेब."

साहेबांनी पायातले बूट काढले! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांनी घाईघाईने त्यांना घरामागे खाटेवर नेऊन बसवलं. सासूबाईंनी आदल्या दिवशीच्या उरलेल्या शेंगा ताटलीत घालून पुढे ठेवल्या. साहेबांनी एक सोलली, मग दुसरी, मग ताटली जवळ ओढली. (खाली अंडी होती. ती त्यांनी बघितली नाहीत, पण नंतर ताटलीत दिसलीही नाहीत.) खाता खाता त्यांनी सहज छडीने समोरची राख उकरली. राखेतून एक अर्धवट जळकं लाकूड वर आलं. त्यावर लाल रंगाचा ठसठशीत एक.

साहेबांनी ते उचललं. फुंकर मारली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मोजणीदार, ही आपली एक नंबरची जागा?"

मी जमीन दुभंगायची वाट बघत होतो. पण ती दुभंगणारं यंत्र अजून गाडीवरच होतं.

"आणि दोन, तीन?"

"त्या पार जळाल्या, साहेब," दगडू प्रामाणिकपणे म्हणाला. "लई बेस जळाल्या! आन माप धरलेली उडवी हलवली, खालचा पेंढा म्हशींनी खाल्ला!"

साहेब उठले. आवाज चढवला नाही, हेच वाईट लक्षण. "गाड्या वळवा. पुढच्या गावाला हार तयार आहे, असं ऐकतो."

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सासूबाई लंगडत बैलांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हातात तांब्या.

"साहेब, जावा. पर शेंगा खाल्ल्यात, पानी पिऊन जावा. विहीर आटत आलीया, निवळ पानी नाय तिच्यात. म्हून तुमच्यासाठनं नदीवरनं आनलंय, दिस उगवायच्या आदी. आमच्या जावयांनी चूक केली, त्याच्या परीस आमी त्येंना खाट टाकून दिली ही आमची चूक. त्येंची सजा गावाला नका देऊ."

साहेबांनी तांब्या घेतला. नदीकडच्या चढाकडे बघितलं, सासूबाईंच्या गुडघ्याकडे बघितलं, पाणी प्यायले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साखळी आणा. आणि या वेळी विहिरीपासून धरा. ती कुणी खाणार नाही, अशी आशा आहे."

त्या दिवशी मी जसं मोजलं तसं आयुष्यात मोजलं नाही. साहेब डोक्यावर उभे, ऊन डोक्यावर. नव्याने तीन जागा निघाल्या. आकडे मी इतके ठळक घातले की ते पुढच्या गावातूनही वाचता आले असते. पहिल्या जागेवर तीन पायांचं तिकाटणं उभं राहिलं. जड पहार दोराने वर ओढायची आणि सोडायची, वर ओढायची आणि सोडायची. दगडू दोर दुसऱ्याच्या हाती देईना. "मीच जाळल्या, मीच वढनार," एवढंच म्हणायचा. तळहात सोलून निघाले, तरी ऐकेना.

पहिलं भोक कोरडं गेलं. काळा दगड, त्याखाली काळा दगड, आणि त्याच्या भुकटीशिवाय काही नाही. मी म्हणालो, असं होतं. दुसरं भोक सुरू झालं. मापाने अगदी अचूक! तेही अचूक कोरडं गेलं. आता गावात कोणी मला "सरकारी जावई" म्हणेना. शेजारी म्हणाला, "निदान पयल्या खुंट्यांनी शेंगा तरी शिजल्या!" सासरे बांधावर फिरकेनात. सगुणा आईच्या हातातून हंडा काढून घेऊन नदीवर जायची, आणि मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

तिसऱ्या भोकाच्या सकाळी साहेब खाटेवर बसले होते. रोज सासूबाईंच्या हातचं खाऊन ते जरा भरले होते. माझ्या तीन नंबरच्या खुंटीकडे ते फार वेळ बघत राहिले.

"मोजणीदार, खरं सांगा. तुमचा या जागेवर विश्वास आहे?"

"माप बरोबर आहे, साहेब."

"मी माप विचारलं नाही."

मी वही चाळायला लागलो. तेव्हा सासूबाई दारातून बाहेर आल्या, पोपटीच्या काळ्या गोल डागावर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, एवीतेवी कोरडंच जायाचं आसंल, तर हितं मारा. जवळ तरी पडंल."

"मामी, ही काय पद्धत झाली?" मी उसळलो. "चूल जवळ आहे म्हणून कुठे बोरिंग करतात का? शास्त्रात हे बसत नाही!"

"मोजणीदार," साहेब उठत म्हणाले, "तुमचं शास्त्र आपण सगळ्यांनी शेंगांबरोबर खाल्लंय. हलवा यंत्र. पट्टा तोच आहे, आणि मी या घरचं मीठ खाल्लंय."

राखेच्या बरोबर मध्ये पहार पडली. पहिले काही दिवस तीच काळी भुकटी. मग एका दुपारी पहार वर आली ती ओली! दगडूने ती हाताने चाचपली आणि हात सगुणाला दाखवला. आणखी खाली गेल्यावर चिखल आला, गढूळ पाणी आलं, आणि मग भोकात घातलेल्या नळातून खळाळत वर आलं ते स्वच्छ! सासऱ्यांनी ओंजळ भरून चव घेतली. "ग्वाड हाय रं," म्हणाले आणि तिथेच बसून रडायला लागले. मी सरकारी माणूस असल्यामुळे रडलो नाही. डोळ्यांत भुकटी गेली होती, इतकंच.

सासूबाईंनी पहिला हंडा भरला. तो देवापुढे नेतील असं वाटलं, पण त्यांनी तो माझ्या पुढ्यात ठेवला. "पाय धुवा, जावईबापू. तुमी खुंट्या जाळल्या नसत्या, तर हे गावलं नसतं." त्या थट्टेने म्हणाल्या की मनापासून, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढे तिथे हाताने मारायचा पंप बसला. सारं गाव त्याला पोपटीचं बोरिंग म्हणतं. नदीची वाट गवताने बुजली. मी अचूक मोजून काढलेल्या दोन कोरड्या भोकांवर दगड ठेवलेत, एकावर म्हैस बांधतात. मी नोकरीत पुष्कळ गावं मोजली, बढतीही मिळाली, टोपीही तीनदा बदलली. पण अजून सासुरवाडीला गेलो आणि हात-पाय धुवायला मागच्या दाराने बाहेर पडलो, की सासूबाई चुलीपुढून हाक मारतात. पंप त्या दारापासून चार पावलांवर आहे, त्याचे शिंतोडे उंबऱ्यावर पडतात, तरीही त्या न चुकता काळजीने विचारतात, "जावईबापू, पंप गावंल ना? का दगडूला संगं धाडू?"